साठच्या पाटीखालून अठ्ठ्याहत्तर

एकोणतीस वर्षं मी एसटी चालवली आणि त्या काळात भरधाव गाडी चालवल्याबद्दल माझ्यावर एकदाही कारवाई झाली नाही. निवृत्तीच्या कार्यक्रमात साहेबांनी याचा खास उल्लेख केला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. खरं म्हणजे त्यात माझं कर्तृत्व काही नव्हतं. आमच्या गाडीला वेगाचं कुलूप असे. ठरलेल्या आकड्यापुढे पाय कितीही दाबला तरी इंजिन ऐकत नसे. पण सत्कार चालू असताना असं कोणी उठून सांगत नाही. मी शाल आणि नारळ घेतला आणि घरी आलो.

घर पेणला, रामवाडीत, हायवेपासून दोन मिनिटांवर. पहिले दोन महिने मी ओटीवर बसून जाणाऱ्यायेणाऱ्या गाड्या बघत असे आणि कोण कसा चालवतो यावर मत देत असे. ऐकायला घरात बायको एकटीच होती. दोन महिन्यांनी ती म्हणाली, दुसऱ्यांच्या गाड्यांना नावं ठेवायची एवढी हौस असेल तर स्वतःची एक घ्या. म्हणून मी आठ-नऊ माणसं बसतील अशी एक जुनी व्हॅन घेतली.

ती मला विकली खाडीकडच्या गावातल्या एका मुसलमान तरुणाने. तरुण म्हणजे पस्तिशीचा. पेण-पनवेल पॅसेंजर मारायचा. हायवेवर त्याला सगळे ओळखत, पण बहुतेक जण मागच्या बाजूने. पुढून त्याला बघायला कोणाला वेळच मिळत नसे. कुवेतला एका कंपनीत ड्रायव्हरची नोकरी लागली म्हणून तो गाडी काढत होता. किल्ली देताना तो म्हणाला, "काका, पाचव्यात टाका आन् सोडून द्या. ती आपोआप जाते." मी मान हलवली. तसं करायचं नाही एवढं मनाशी ठरवलं.

गाडी माझ्या नावावर करायला आम्ही दोघं पेणच्या आरटीओत गेलो. सगळे कागद व्यवस्थित झाले. फॉर्मवर मोबाइल नंबरचा रकाना होता. माझ्याकडे बटणाचा साधा फोन आणि त्याचा नंबर मला कधीच पाठ नसे. टेबलावरच्या बाईंनी विचारलं, तर मी म्हटलं, तो असू दे तसाच, नंतर येऊन देतो. मग मी गेलोच नाही. गाडी माझी झाली आणि नंबर त्याचाच राहिला. यात चूक कोणाची, हे विचारायची गरज नाही.

काम लगेच मिळालं. रोह्याच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या पॅकिंग खात्यात पेणच्या बाजूच्या सात बायका होत्या. त्यांना जनरल शिफ्टला न्यायचं आणि संध्याकाळी आणायचं. सात दहाला रामवाडी सोडायची, वडखळ, गडब, नागोठणं, तिथून भिसे खिंडीतून रोहा. साडेआठच्या आत पंचिंग. त्यानंतर आलेल्याला लेट मार्क. महिन्यात तीन लेट झाले की अर्ध्या दिवसाचा खाडा, आणि ज्या कंत्राटी होत्या त्यांच्या बाबतीत सुपरवायझरच्या मनात येईल ते.

पुढच्या सीटवर नेहमी एक बाई बसायची. बाकीच्या तिला मावशी म्हणत. वयाने माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, तरी मीही मावशीच म्हणू लागलो, कारण तिला दुसरं काही म्हणायचं धाडस होत नसे. तिच्या घरची माणसं पिढ्यान् पिढ्या मिठागरात राबलेली. वाऱ्यातून लांब हाका मारून त्या घरातल्या सगळ्यांचा आवाज मोठा होता आणि व्हॅनमध्ये बसली तरी तो लहान होत नसे. माझ्या चालवण्याबद्दल तिचं मत पहिल्या आठवड्यातच तयार झालं. "यानं एसटी सोडली," ती मागे वळून बाकीच्यांना म्हणाली, "पण एसटीनं याला सोडला नाय."

मी पाट्या बघून चालवत असे. त्या पट्ट्यात हे सोपं नव्हतं. रस्त्याचं काम चालू होतं आणि जिथे संपलं होतं तिथे नव्या पाट्या लागल्या होत्या. आधी साठ, मग चाळीस, मग वळणरस्त्यावर वीस, मग बराच वेळ काहीच नाही, मग एकदम ऐंशी, आणि ऐंशीच्या पाटीपासून हाकेच्या अंतरावर गतिरोधक. गडबच्या अलीकडच्या एका पाटीवर कोणीतरी पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा बॅनर बांधला होता, तो आठवडाभर तसाच होता. खाली साठ आहे हे मला आठवत होतं, म्हणून मी तेवढा आठवडा त्या हसऱ्या चेहऱ्यासमोरून साठनेच गेलो. मागून येणारे त्याचा अर्थ वेगळा लावत असावेत.

माझ्या या पद्धतीचे बायकांना फायदेही होते. मावशी घरून भिजवून मोड आणलेले वाल डब्यातून आणायची आणि नागोठण्यापर्यंत तिचे बिरड्याचे वाल सोलून होत. दोघी जणी मागच्या सीटवर झोप पुरी करत. तक्रार असायची ती शेवटच्या दहा मिनिटांची. रोहा जवळ आलं की सगळ्या घड्याळाकडे बघू लागत आणि माझ्या मानेकडेही. साडेआठच्या आत मी रोज पोचवत होतो. पण आठ अठ्ठावीसला पोचणं म्हणजे वेळेवर पोचणं, हे त्यांना पटत नसे.

गडबला एक मुलगी चढायची. मुलगी म्हणजे सव्वीस-सत्तावीसची, सगळ्यांत लहान. नवरा मुंबईला कामाला, घरात आजारी सासू. सासूचं सकाळचं सगळं उरकून ती धावत हायवेवर यायची आणि तरी दोन-तीन मिनिटं उशीर व्हायचाच. मी थांबत असे. चढताना ती रोज "सॉरी दादा" म्हणायची आणि त्यानंतर रोह्यापर्यंत काही बोलायची नाही.

पाऊस संपून भातं पिवळी झाली होती तेव्हाची गोष्ट. त्या दिवशी ती आलीच नाही. तीन मिनिटं झाली, पाच झाली. मावशीने फोन लावला, उचलला नाही. नवव्या मिनिटाला ती शेताच्या बांधावरून पळत येताना दिसली. सासू पडवीत पडली होती. शेजारच्या बाईला बोलावून, सासूला उचलून खाटेवर घालून ती आली होती. सॉरी म्हणायचंही तिच्या लक्षात राहिलं नाही. त्या महिन्यात सासूला दवाखान्यात नेऊन ती दोनदा मागाहून एसटीने गेली होती, तेव्हाचे दोन लेट होते आणि महिन्याअखेरीला कंत्राट संपत होतं. तिसरा झाला तर पुढे येऊ नको, असं तिला सुपरवायझरने सांगून ठेवलं होतं. हे मला मावशीने सांगितलं आणि सांगून झाल्यावर म्हणाली, "दादा, आज दाब."

मी म्हटलं, पाटी साठची आहे.

"पाटीवर काय हाय ते मलापण दिसतं," ती म्हणाली. "पोरगी मागं रडतेय ती तुला दिसतेय का?"

मी आरशात बघितलं. ती रडत नव्हती. जेवणाच्या डब्याला बांधलेलं फडकं सोडत होती आणि परत बांधत होती. परत सोडत होती.

मी दाबलं. पासष्ट झाले, सत्तर झाले. मी पाचवा टाकला आणि गाडी खरोखरच आपोआप गेली. काचेच्या रबरातून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. पुढे एक एसटी होती, तिला मी मागे टाकलं. तिचा ड्रायव्हर माझ्याबरोबर नोकरीला होता. त्याने मला ओळखलं असावं, कारण हॉर्न वाजवायचं सोडून त्याने एक हात कपाळाला लावला. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटत होतं. साठाव्या वर्षानंतर काही गोष्टी पहिल्यांदा कळतात आणि ही त्यातली एक होती. लाजही वाटली, पण ती नंतर, नागोठण्याच्या पुढे.

गडब सोडल्यावर थोड्या अंतरावर एक आंब्याचं झाड आहे, त्याच्या जरा पुढे पोलिसांची पांढरी गाडी उभी होती. मावशीने ती माझ्याआधी बघितली. हात पुढे करून ती काहीतरी म्हणाली, पण तिचं म्हणणं माझ्यापर्यंत पोचेतो आम्ही पुढे गेलो होतो. पोलिसांनी हात केला नाही, शिट्टी वाजवली नाही. मला वाटलं, वाचलो. आता हात करावा लागत नाही, हे मला माहीत नव्हतं.

आठ सत्तावीसला गेटवर होतो. गडबची मुलगी दार उघडून पळत आत गेली. बाकीच्या शांतपणे उतरल्या. मावशी शेवटी उतरली. त्या दिवशी तिचे वाल सोलायचे राहून गेले होते. तिने डब्याचं झाकण लावलं आणि गेली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी जेवायला बसलो होतो. बायकोने भाकरी वाढली आणि मग हातात फोन घेऊन समोर बसली. शहाणा फोन आमच्या घरात तिच्याकडे आहे.

"अहो," ती म्हणाली, "तुम्ही अठ्ठ्याहत्तरने गेलात?"

मी विचारलं, कोण म्हणतं.

"कुवेतहून फोन आला होता."

माझा घास हातातच राहिला. पेणचं माणूस गडबजवळ जोरात गाडी चालवतं आणि ते कुवेतला समजतं, हे मला नवीन होतं. मग हळूहळू उलगडा झाला. चलनाचा मेसेज गाडीशी जोडलेल्या नंबरवर जातो आणि नंबर त्याचा होता. त्याने तिथून मेसेज उघडला, फोटो उघडला आणि आमच्या घरी पाठवला. बायकोने फोटो मोठा करून दाखवला. व्हॅन समोरून, नंबर स्वच्छ. मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून ताठ बसलेलो, निवृत्तीच्या फोटोतही एवढा ताठ नव्हतो. शेजारी मावशी, हात पुढे केलेला, तोंड उघडं. मागे आंब्याचं झाड आणि पिवळी शेतं. वर कोपऱ्यात आकडे. मर्यादा साठ, वेग अठ्ठ्याहत्तर.

"एकोणतीस वर्षं," बायको म्हणाली. एवढंच म्हणाली आणि आमटी आणायला उठली.

जेवणानंतर त्याचा परत फोन आला. मला वाटलं होतं तो हसेल. तो हसला नाही. दंड मी भरतो, असं म्हणू लागला, गाडीच्या खोडी मला माहीत आहेत म्हणाला. मी म्हटलं, खोड गाडीची नव्हती. दंड बायकोने तो बोलत असतानाच तिच्या फोनवरून भरून टाकला, म्हणजे तो विषय संपला. मग त्याने विचारलं, गडबच्या पुढचं ते आंब्याचं झाड तोडलं नाय का अजून? मी म्हटलं, नाही, रस्ता रुंद झाला पण ते वाचलं. भात कापायला आलाय वाटतं, तो म्हणाला. मी म्हटलं, हो, या आठवड्यात सुरुवात होईल. तुमच्या शेजारी बाई कोण, त्याने विचारलं. मी सांगितलं. ती काय म्हणत होती, त्याने विचारलं. मी म्हटलं, ते मला आजपर्यंत समजलेलं नाही.

शेवटी मी त्याला सांगितलं की उद्या आरटीओत जाऊन नंबर बदलून घेतो, म्हणजे तुला परत त्रास नको.

"राहू दे ना काका," तो म्हणाला. "इकडं मेसेज येतात ते कंपनीचे नायतर बँकेचे. हा एक गावचा आला."

मी त्याला समजावलं की तुला गाव दिसावं म्हणून मला दर महिन्याला अठ्ठ्याहत्तरने जाता येणार नाही. तो म्हणाला, तसं नाय म्हणत. मग काय म्हणतोस, ते मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी मी जाऊन नंबर बदलला. नियम तसाच आहे आणि आधीच एकदा तो मोडून झाला होता.

बायकांपासून ही गोष्ट लपवायचा माझा विचार होता. पण माझी बायको आणि मावशी शनिवारी बाजारात भेटल्या. सोमवारी फोटो मावशीच्या फोनवर होता आणि व्हॅनमध्ये तो हातोहात फिरला. मावशीची तक्रार एकच होती, की तोंड उघडं असताना काढायला नको होता. बाकीच्यांना तो आवडला. दंडात वाटा उचलायचं त्या म्हणाल्या, ते मी ऐकलं नाही. गाडी माझ्या पायाने पळाली होती. गडबची मुलगी फोटो बराच वेळ बघत राहिली आणि मग फोन पुढे दिला.

त्यानंतर काय करायचं ते मला विचारून ठरलं नाही. मंगळवारी मावशीने जाहीर केलं की उद्यापासून गाडी सात दहाला नाही, सातला सुटेल. सगळ्यांनी दहा मिनिटं आधी उठायचं. गडबच्या मुलीच्या शेजारच्या बाईशीही ती बोलून आली होती. सासूचा सकाळचा चहा आणि औषध ती बघणार होती, बदल्यात मुलगी संध्याकाळी तिच्या घरचं पाणी भरणार होती. "आता तू तुझ्या साठनं चल," मावशी मला म्हणाली. "पण साठ म्हंजे साठ हां, पंचावन नाय." बुधवारी आम्ही गडबला पोचलो तेव्हा मुलगी आधीच हायवेला उभी होती. महिन्याअखेरीला तिचं कंत्राट पुढे वाढलं.

कुवेतचं मात्र माझ्या मनातून जात नव्हतं. एक दिवस मी सहज मावशीला तो काय म्हणाला ते सांगितलं. त्याच सकाळी गडब सोडल्यावर तिने वालाचा डबा मांडीवरून खाली ठेवला, फोन काढला आणि काचेतून एक फोटो काढला. झाड, शेत, रस्ता. तो तिने माझ्या बायकोला पाठवला आणि बायकोने पुढे कुवेतला. मग आठवड्यातून एकदा हे होऊ लागलं. भात कापून झालेली रानं, त्यात टाकलेला वाल, वाळलेल्या पेंढ्याच्या उडव्या, मग पावसात झाडाखाली उभी असलेली म्हसरं. त्याचं उत्तर प्रत्येक वेळी एकच यायचं, हात जोडलेलं चिन्ह.

दीड वर्षाने तो रजेवर आला. धाकट्या बहिणीचं लग्न होतं. आल्याच्या तिसऱ्या दिवशी पहाटेच्या नमाजानंतर खजूर आणि अत्तराची छोटी बाटली घेऊन आमच्या घरी आला. बायकोने त्याला चहा दिला. गाडी अंगणात उभी होती, तिच्याभोवती तो एक फेरी मारून आला आणि म्हणाला, "काका, आज मी चालवू?"

मी हो म्हटलं, पण बायकांना आधी सांगावं लागलं. त्याची कीर्ती त्यांना माहीत होती. दोघींनी बसायच्या आधी देवाचं नाव घेतलं. मी मागे बसलो. मावशी पुढची सीट सोडायला तयार नव्हती. तिने पदर खोचला आणि एक हात डॅशबोर्डवर ठेवला.

तो चाळीसने निघाला. वडखळपर्यंत चाळीसच. पुढे साठची पाटी आली तेव्हा पन्नास केले. जिथे वीस लिहिलं होतं तिथे त्याने काटा खरोखर विसावर आणला. एकोणतीस वर्षांत हे मी कधी केलं नव्हतं आणि कोणाला करताना बघितलंही नव्हतं. मोटरसायकली गेल्या, टेम्पो गेले, एक ट्रॅक्टर बराच वेळ बाजूने चालून मग पुढे गेला. गडबची मुलगी चढली, तिने नव्या ड्रायव्हरकडे आणि मग माझ्याकडे बघितलं. आंब्याच्या झाडापाशी त्याने आणखी हळू केलं. मागचे हॉर्न वाजवत होते. तो झाडाकडे बघत होता.

नागोठण्याला मावशी मागे वळून मला म्हणाली, "दादा, पोरगा आजारी हाय का?" हे ती हळू म्हणाली होती, पण तिचं हळू त्यालाही ऐकू गेलं. त्याने मान वळवली नाही.

आठ चौतीसला गेटवर पोचलो. सगळ्यांना लेट मार्क लागला. त्या महिन्यात कोणाचा आधीचा एकही नव्हता, म्हणून काही बिघडलं नाही. उतरताना मावशी त्याला म्हणाली की झाडाचे फोटो मीच काढते. त्याने छातीवर हात ठेवून मान लववली.

गेटच्या समोर एक चहाची टपरी आहे. आम्ही बाकावर बसलो. चहा अर्धा झाल्यावर मी विचारलं की तिकडे वेगाचे नियम फार कडक आहेत का. तो म्हणाला, हायत, कंपनी पगारातून कापते. मग म्हणाला, पण मी हळू चालवतो ते त्यामुळं नाय.

त्याच्या खोलीत सहा जण राहायचे. त्यातला एक नागोठण्याच्या बाजूचा होता, हिंदू, याच्याहून आठ-नऊ वर्षांनी लहान. तोही ड्रायव्हर. एका दुपारी कंपनीची पिकअप घेऊन वाळवंटातून येताना तो एकशे चाळीसवर होता. टायर फुटला. गाडीत एकटाच होता, जागीच गेला. गाववाला म्हणून सगळं याच्यावर आलं. कागद, विमान, आणि त्याच्या सामानाची यादी, कारण सामान घरी पाठवताना यादी लागते.

"चार शर्ट, दोन पँट, एक ब्लँकेट," तो म्हणाला. "चार्जर. आईनं दिलेलं पापडाचं पाकीट, अर्धं. ते यादीत घेऊ की नको, मला कळंना. घेतलं."

त्याने चहाचा एक घोट घेतला.

"रस्ता सरळ होता काका. वळणच नव्हतं कुठं."

त्याच्या घरी फोनही यानेच केला होता. आईने विचारलं, कसं झालं. याने सांगितलं, टायर फुटला. ते खरंच होतं. मग तिने विचारलं की माझा मुलगा जोरात चालवत होता का. यावर याने काय सांगितलं, ते मला विचारावं लागलं नाही. कप खाली ठेवून तो म्हणाला, "मी साठ सांगितलं."

त्या आईला भेटायला जायचं होतं आणि त्याला एकट्याला जाववत नव्हतं. मी म्हटलं, आता जाऊ. परतीच्या वाटेवर मी चालवलं. नागोठण्याच्या अलीकडे आत वळून एक छोटं गाव लागतं. कोणाला विचारावं लागलं नाही. त्याने ते घर व्हिडिओ कॉलवर पुष्कळदा बघितलं होतं.

बाई अंगणात सुकत घातलेल्या मिरच्या राखत बसली होती. साठीच्या आसपासची, बारकी. याचा आवाज तिने आधी ओळखला, चेहरा नंतर. तिने आम्हाला आत बसवलं आणि पाणी दिलं. रडली नाही. मुलाच्या जेवणाबद्दल विचारलं, तिथे त्याला ताप आला होता तेव्हा कोणी बघितलं ते विचारलं. ताप आला तेव्हा खिमट यानेच करून दिलं होतं, ते त्याने सांगितलं. तिने मला विचारलं, तुम्ही कोण. मी सांगितलं, एसटीचा ड्रायव्हर होतो.

तेव्हा ती माझ्याकडे वळली. "मंग तुमाला माहीत असंल," ती म्हणाली. "साठ म्हंजे लय नाय ना?"

तो जमिनीकडे बघत होता.

"नाही," मी म्हटलं. "साठ म्हणजे बरोबर. पाटीवर असतो तेवढाच."

तिने दोन-तीनदा मान हलवली. आत जाऊन चहा ठेवला. आम्ही गुळाचा चहा घेतला. निघताना तिने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि बहिणीच्या लग्नासाठी म्हणून कोकमाची एक पिशवी त्याच्या हातात दिली.

रामवाडीला तो गाडीतून उतरला. मला वाटलं आता घरी जाईल. पण संध्याकाळी बायकांना आणायला मी निघालो तेव्हा तो फाटकाशी उभा होता. चालवणार का, मी विचारलं. नको म्हणाला, नुसता बसतो.

रोह्याला मावशीने गाडीत पाऊल ठेवलं, त्याला पुढच्या सीटवर बघितलं आणि पहिल्यांदाच मागे जाऊन बसली. पण मागून तिने त्याला सोडलं नाही. तिकडे तांदूळ कुठला खाता, मासे मिळतात का, मिळतात तर काय भावाने, पाऊस पडतो की नाही, बायकोला कधी नेणार. तो एकेकाचं उत्तर देत होता. भिसे खिंडीत त्याने सांगितलं की तिकडे बोंबील मिळतात पण सुके, आणि त्यांचा वास येत नाही. यावर मागच्या सगळ्या एकदम बोलू लागल्या, गडबची मुलगीसुद्धा. बोंबलाला वास कसा नाही, हे कोणालाच पटत नव्हतं. गडब येईपर्यंत तोच विषय चालला होता.